चौकटी आणि बाण : सार्वजनिक आरोग्य कार्यक्रमाची आखणी

सार्वजनिक आरोग्याचा कार्यक्रम म्हणजे मुळात एक दावा असतो. इतकी माणसे, इतका पैसा आणि इतकी औषधे घेऊन अमुक काम केले, तर अमुक लोकांच्या आरोग्यात अमुक बदल घडेल, असा तो दावा. एका रुग्णाला औषध दिले की गुण आला की नाही हे दोन-चार दिवसांत कळते. लाखभर वस्तीच्या तालुक्यात काम सुरू केले की ते कळायला वर्षे जातात. गुण आलाच, तर तो त्या कामाने आला, की दरम्यान रस्ता झाला, मुली शिकल्या, पावसाने साथ दिली म्हणून आला, हेही सहज सांगता येत नाही. म्हणून हा दावा काम सुरू होण्यापूर्वीच कागदावर सुटा करून मांडावा लागतो. ध्येय, उद्दिष्टे आणि तर्कआराखडा ही त्या मांडणीची साधने आहेत. तर्कआराखड्याला आरोग्य खात्यात आणि संस्थांमध्ये सर्रास 'लॉजिक मॉडेल' म्हणतात.

आखणीची सुरुवात ध्येयापासून होते असे पाठ्यपुस्तके सांगतात. प्रत्यक्षात ती मोजणीपासून होते. कोण मरते, कोठे, कोणत्या वयात, कशाने, आणि मरण्यापूर्वी त्याला कोणी पाहिले होते का, एवढे माहीत नसेल तर ध्येय हे केवळ सदिच्छा राहते. याचे महाराष्ट्रातले ठळक उदाहरण गडचिरोलीचे आहे. 1982 मध्ये चंद्रपूरपासून वेगळ्या झालेल्या या जिल्ह्यात डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांनी 1986 मध्ये 'सर्च' या संस्थेचे काम सुरू केले. 1993 ते 1995 या काळात त्यांनी 39 गावांतला प्रत्येक जन्म आणि प्रत्येक बालमृत्यू नोंदवला. दर 1000 जिवंत जन्मांमागे 62 बाळे पहिल्या 28 दिवसांतच दगावत होती. वर्षाच्या आत मरणाऱ्या बाळांपैकी बहुतेकांचा मृत्यू याच पहिल्या महिन्यात होत होता.

ही संख्या समोर आली तेव्हा प्रश्नच बदलला. 'बालमृत्यू' या ढोबळ शब्दाआड एक ठरावीक जागा आणि एक ठरावीक काळ लपलेला होता. जागा म्हणजे बाळंतिणीची खोली, काळ म्हणजे चार आठवडे. सुमारे 95 टक्के बाळंतपणे घरी होत. पुढे या बाळांची रोजच्या रोज पाहणी झाली. तेव्हा दिसले की निम्म्याहून अधिक बाळांना वैद्यकीय मदतीची गरज होती आणि ती मिळाली 3 टक्क्यांनाही नाही. मृत्यूचे सर्वांत मोठे कारण जंतुसंसर्ग होते. त्याच्यावर औषध उपलब्ध होते, फक्त ते त्या खोलीपर्यंत पोचत नव्हते. आखणीच्या भाषेत याला समस्येचे विश्लेषण म्हणतात. ते इतके नेमके झाले की अर्धी आखणी तेथेच झालेली असते. पुष्कळ कार्यक्रम फसतात ते याच टप्प्यावर. मुंबईत किंवा दिल्लीत तयार झालेले उत्तर आधी हातात असते आणि त्याला जुळेल असा प्रश्न नंतर गावात शोधला जातो.

ध्येय आणि उद्दिष्ट

मराठीत ध्येय, उद्दिष्ट, हेतू आणि लक्ष्य हे शब्द एकमेकांच्या जागी वापरले जातात. बोलण्यात त्याने बिघडत नाही, आराखड्यात मात्र फार बिघडते. ध्येय म्हणजे जेथे पोचायचे ती अवस्था: 'तालुक्यात जन्मलेले प्रत्येक बाळ जगावे.' ध्येयाला तारीख नसली तरी चालते, आकडा नसला तरी चालते. ते एका कार्यक्रमाने पुरे होईलच असेही नाही. 1978 मध्ये अल्मा-आटा येथील परिषदेने '2000 सालापर्यंत सर्वांसाठी आरोग्य' असे ध्येय मांडले. 2000 साल उलटले, ध्येय गाठले गेले नाही. तरीही जगभरच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांना दिशा देण्याचे काम त्या वाक्याने केले, हे मान्य करावे लागते.

उद्दिष्टाचे तसे नाही. उद्दिष्ट पुरे झाले की नाही, यावर दोन माणसांचे दुमत होता कामा नये. 'मातांमध्ये जागृती करणे', 'आरोग्यसेवा बळकट करणे', 'कुपोषणाचे उच्चाटन करणे' ही वाक्ये जिल्हा आराखड्यांत वर्षानुवर्षे छापली जातात. वर्षअखेरीस त्यांच्यापुढे बरोबरची खूण करावी की फुली मारावी, हे कोणालाच सांगता येत नाही. चांगल्या उद्दिष्टात पाच गोष्टी वाचता येतात: कोणात बदल, कोणता बदल, आज किती, किती व्हायला हवा, आणि केव्हापर्यंत. यांतली 'आज किती' ही गोष्ट सर्वांत जास्त वेळा गाळली जाते. सुरुवातीचा आकडाच माहीत नसेल, तर पुढचा कोणताही आकडा हवेत राहतो.

व्यवस्थापनशास्त्रात 'स्मार्ट' नावाची कसोटी लोकप्रिय आहे. जॉर्ज डोरान यांनी ती 1981 मध्ये मांडली. आज तिच्यातल्या 'ए' या अक्षराचा अर्थ बहुधा 'साध्य होण्याजोगे' असा शिकवतात. डोरान यांच्या मूळ मांडणीत त्या अक्षराचा अर्थ वेगळा होता: हे काम कोणाच्या नावावर आहे, ते सांगता आले पाहिजे. आरोग्य कार्यक्रमांसाठी मूळ अर्थच अधिक मोलाचा आहे. उपकेंद्राची आरोग्य सेविका, गावातली आरोग्य कार्यकर्ती 'आशा', अंगणवाडी सेविका आणि पर्यवेक्षक या सगळ्यांचे म्हणून लिहिलेले काम अखेर कोणाचेच होत नाही.

राष्ट्रीय पातळीवर अशी उद्दिष्टे लिहिलेली सापडतात. भारताच्या 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणात नवजात मृत्युदर 2025 पर्यंत 16 वर आणि पाच वर्षांखालील मुलांचा मृत्युदर 23 वर आणायचा, असे आकडे आणि वर्षे आहेत. शाश्वत विकास उद्दिष्टांनी 2030 साठी सर्व देशांना नवजात मृत्युदराची 12 ही मर्यादा घालून दिली. पण राष्ट्रीय आकडा जसाच्या तसा तालुक्याला लावता येत नाही. तो का लावता येत नाही, हे साध्या गणिताने दिसते.

समजा, 1 लाख लोकसंख्येचा एक तालुका आहे. जन्मदर 1000 मागे 16 धरला, तर वर्षाला 1,600 बाळे जन्मतील. नवजात मृत्युदर 25 असेल, तर त्यांपैकी 40 बाळे महिन्याच्या आत दगावतील. साधारण 1,000 लोकसंख्येमागे एक याप्रमाणे तालुक्यात 100 आशा आहेत. म्हणजे एका आशाच्या वाट्याला वर्षाला 16 बाळे येतात, आणि तिच्या हद्दीत नवजात बाळाचा मृत्यू सरासरी अडीच वर्षांतून एकदा होतो. तिच्या कामाचे मोजमाप मृत्यूंवरून करायला गेले, तर अतिशय चांगली आशा एखाद्या वर्षी नापास ठरेल आणि घराबाहेर न पडणारी आशा दोन वर्षे उत्तम ठरेल. तालुक्याच्या पातळीवरही हीच अडचण थोड्या सौम्य रूपात उभी राहते. परिस्थितीत काहीही बदल न होता, निव्वळ योगायोगाने, 40 मृत्यूंचे एका वर्षी 34 आणि पुढच्या वर्षी 46 होऊ शकतात. 34 चा आकडा आला की सत्कार आणि 46 चा आला की कारणे दाखवा नोटीस, हा प्रकार या गणिताच्या अज्ञानातून होतो.

म्हणून तालुक्याने मृत्युदराचे उद्दिष्ट तीन वर्षांच्या एकत्रित आकड्यावर ठेवावे, आणि रोजच्या कामासाठी त्याच्या अलीकडची उद्दिष्टे लिहावीत. उदाहरणार्थ: 'तालुक्यात जन्मलेल्या दर 100 बाळांपैकी आज 50 बाळांना तिसऱ्या आणि सातव्या दिवशी आशाची घरभेट मिळते, पुढच्या 31 मार्चपर्यंत ती 85 बाळांना मिळेल, आणि याची जबाबदारी आशांवर देखरेख करणाऱ्या गटप्रवर्तकांची राहील.' किंवा: 'जन्मानंतर तासाभरात स्तनपान सुरू झालेल्या बाळांचे प्रमाण इतक्यावरून इतके होईल.' ही उद्दिष्टे महिन्या-महिन्याला मोजता येतात. पण ती पुरी झाली की मृत्यू घटतीलच, याची हमी कोण देते? ती हमी तर्कआराखड्यात शोधावी लागते.

साखळीची मांडणी

तर्कआराखडा दिसायला साधा असतो. डावीकडून उजवीकडे चौकटी, आणि त्यांना जोडणारे बाण. पहिल्या चौकटीत साधने: माणसे, पैसा, औषधे, वाहन. दुसरीत कृती: प्रशिक्षण, घरभेटी, तपासणी. तिसरीत झालेले काम, म्हणजे मोजता येणारा माल: इतक्या आशा शिकल्या, इतक्या भेटी झाल्या. चौथीत परिणाम, म्हणजे लोकांत झालेला बदल: आजार लवकर ओळखला गेला, बाळ ऊबदार राहिले, उपचार वेळेत झाला. शेवटी अंतिम परिणाम: मृत्यू घटले. ही पद्धत आरोग्य क्षेत्रात जन्मलेली नाही. परदेशी मदतीच्या प्रकल्पांतून नक्की काय साधले हे कळेना, तेव्हा अमेरिकेच्या 'यूएसएड' या मदतसंस्थेसाठी 1969 मध्ये 'लॉजिकल फ्रेमवर्क' हा तक्ता तयार झाला. 1979 मध्ये जोसेफ व्होली यांनी सरकारी कार्यक्रमांच्या मूल्यमापनासाठी तर्कआराखड्याची कल्पना मांडली. पुढे केलॉग फाउंडेशनच्या मार्गदर्शिकेने ती स्वयंसेवी संस्थांपर्यंत नेली. आज निधीसाठी अर्ज करणाऱ्या जवळपास प्रत्येक संस्थेला असा आराखडा जोडावा लागतो.

तिसऱ्या आणि चौथ्या चौकटीतला फरक हा या सगळ्या विद्येचा गाभा आहे. '500 महिलांना प्रशिक्षण दिले' हे झालेले काम आहे. त्या 500 जणींपैकी कितींना बाळाचा श्वास मोजता येतो, आणि किती जणी तो घरी जाऊन खरोखर मोजतात, हा परिणाम आहे. झालेले काम कार्यक्रमाच्या हातात असते. परिणाम लोकांच्या घरात घडतो. वार्षिक अहवाल झालेल्या कामाने भरलेले असतात, कारण ते मोजणे सोपे आहे आणि ते बहुधा होतेच.

आखणी करताना हा आराखडा उजवीकडून डावीकडे रचतात आणि अंमलबजावणी करताना डावीकडून उजवीकडे वाचतात. मृत्यू घटायचे तर काय घडले पाहिजे? ते घडायचे तर त्याआधी काय? असे विचारत मागे यायचे. डावीकडून सुरुवात केली, तर हाती असलेल्या साधनांचे काहीतरी करायचे म्हणून कार्यक्रम जन्माला येतो. गाडी आली आहे, तिला फिरती आरोग्य सेवा करू या. निधी मार्चअखेर संपवायचा आहे, कार्यशाळा घेऊ या.

गडचिरोलीतले काम कोणताही छापील नमुना समोर ठेवून झाले नव्हते, पण ते या रूपात नीट मांडता येते. उजव्या टोकाला नवजात बाळांचे मृत्यू. त्यामागे कारणे: जंतुसंसर्ग, जन्मताना श्वास न घेणे, कमी वजन आणि अपुऱ्या दिवसांचे बाळ. ती कारणे आवरायची तर बाळाला जन्मताच आणि पहिल्या महिन्यात वारंवार कोणीतरी जाणत्या डोळ्यांनी पाहिले पाहिजे, आणि आजाराची लक्षणे दिसताच त्याच घरात उपचार सुरू झाला पाहिजे. डॉक्टर किंवा परिचारिका रोज त्या गावात जाऊ शकत नाही. म्हणजे हे करणारी व्यक्ती गावातलीच हवी, बाई हवी, आणि तिला बाळंतिणीच्या खोलीत प्रवेश हवा. म्हणून पाच ते दहा इयत्ता शिकलेल्या गावातल्याच स्त्रियांची निवड झाली. त्यांना 'आरोग्यदूत' म्हटले गेले. बाळाचे वजन करणे, त्याला ऊबदार ठेवणे, स्तनपानातल्या अडचणी सोडवणे, श्वास न घेणाऱ्या बाळाला श्वास देणे, जंतुसंसर्ग ओळखणे आणि पालकांच्या संमतीने जेंटामायसिनचे इंजेक्शन व तोंडावाटे को-ट्रायमॉक्सॅझोल देणे, हे त्यांना शिकवले गेले.

यातला एक दुवा जवळून पाहण्याजोगा आहे. न्यूमोनिया ओळखायचा तर बाळाचे श्वास मिनिटभर मोजावे लागतात. दोन महिन्यांखालील बाळाचे श्वास मिनिटाला 60 किंवा त्याहून अधिक असतील, तर धोका. गडचिरोलीतल्याच आधीच्या न्यूमोनिया कार्यक्रमात हे काम गावातल्या दायांनाही करायचे होते, आणि त्यांतल्या अनेकींना 60 पर्यंत अंक येत नव्हते. 'दायांना प्रशिक्षण देणे' एवढे लिहून ही अडचण सुटणारी नव्हती. तेव्हा मण्यांची एक पाटी तयार झाली. तिच्यासोबत एका मिनिटाचे वाळूचे घड्याळ. बाळाच्या पोटाची हालचाल पाहायची, दहा श्वास झाले की एक मणी सरकवायचा. वाळू संपायच्या आत शेवटचा मणी सरकला, तर औषध सुरू करायचे. दहापर्यंत मोजता आले की पुरे. प्रशिक्षणाच्या चौकटीपासून निदानाच्या चौकटीपर्यंतचा बाण या पाटीने पक्का झाला. त्या न्यूमोनिया कार्यक्रमाच्या गावांत मुलांचे न्यूमोनियाने होणारे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा निम्म्याहून कमी राहिले. हे निष्कर्ष 1990 मध्ये 'लॅन्सेट' या नियतकालिकात छापले गेले.

नवजात बाळांच्या कामाचा हिशेब 1999 मध्ये त्याच नियतकालिकात आला. तिसऱ्या वर्षी 39 गावांतल्या 93 टक्के बाळांपर्यंत घरपोच सेवा पोचली होती. हे झालेले काम. जंतुसंसर्ग झालेल्या बाळांतले मृत्यूचे प्रमाण 16.6 टक्क्यांवरून 2.8 टक्क्यांवर आले होते. हा मधला परिणाम. आणि नवजात मृत्युदर 62 वरून 25.5 झाला होता. हा अंतिम परिणाम. या तिन्ही आकड्यांनी मिळून साखळीचा पुरावा उभा केला. नुसता मृत्युदर घटला असता आणि मधला आकडा जागचा हलला नसता, तर श्रेय दुसऱ्याच कशाला तरी द्यावे लागले असते. त्या शक्यतेचा बंदोबस्तही आखणीतच होता: शेजारच्या 47 गावांत ही सेवा दिली जात नव्हती, फक्त जन्म-मृत्यूंची नोंद होत होती. तेथला दर 58 होता आणि तिसऱ्या वर्षी 59.6 राहिला. पाऊस, रस्ते, बाजारभाव हे सगळे तिकडेही तेच होते.

बाण कोठे तुटतो

तर्कआराखड्यातल्या चौकटी सर्वजण भरतात. बाणांकडे कोणी पाहत नाही. प्रत्येक बाण म्हणजे एक गृहीतक असते, आणि बहुतेक कार्यक्रमांचा घात तेथे होतो. संस्थात्मक बाळंतपणांचे उदाहरण घ्यावे. 2005 मध्ये जननी सुरक्षा योजना सुरू झाली. गरीब मातांनी रुग्णालयात बाळंत व्हावे म्हणून त्यांना रोख मदत मिळू लागली. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार देशातल्या संस्थात्मक बाळंतपणांचे प्रमाण 2005-06 मध्ये 38.7 टक्के होते, ते 2015-16 मध्ये 78.9 टक्के झाले. म्हणजे दुपटीहून अधिक. त्याच काळात त्याच पाहणीतला नवजात मृत्युदर 39 वरून 29.5 झाला, म्हणजे साधारण एक चतुर्थांशाने घटला. घट मोलाचीच आहे, पण बाळंतपणे ज्या वेगाने रुग्णालयांत आली त्या वेगाने मृत्यू घटले नाहीत. 'रुग्णालयात बाळंतपण झाले म्हणजे सुरक्षित बाळंतपण झाले' हा बाण गृहीत धरला होता. इमारत, खाट आणि जन्माचा दाखला मिळणे एक, आणि त्या रात्री हजर असलेल्या माणसाला अडलेले बाळंतपण सोडवता येणे दुसरे.

मग तोच बाण दुरुस्त करण्याचा एक मोठा प्रयत्न उत्तर प्रदेशात झाला. जागतिक आरोग्य संघटनेने सुरक्षित बाळंतपणासाठी एक यादी तयार केली होती: हात धुतले का, रक्तदाब पाहिला का, बाळाला लगेच आईच्या छातीशी दिले का, अशी. 24 जिल्ह्यांतली 120 आरोग्य केंद्रे निवडली गेली. निम्म्या केंद्रांत प्रशिक्षकांनी जाऊन-येऊन परिचारिकांना ही यादी वापरायला शिकवले, उरलेली निम्मी तुलनेसाठी ठेवली. दीड लाखांहून अधिक माता आणि बाळांची माहिती गोळा झाली. दोन महिन्यांच्या मार्गदर्शनानंतर शिकवलेल्या केंद्रांत आवश्यक कृतींपैकी 73 टक्के होत होत्या, तर तुलनेच्या केंद्रांत 42 टक्के. म्हणजे परिचारिकांचे वागणे खरोखर बदलले. आणि मृत्यू? 2017 मध्ये निष्कर्ष छापले गेले तेव्हा दोन्ही गटांत माता व बाळांच्या मृत्यूंत काही लक्षणीय फरक निघाला नाही.

हा प्रयोग वाया गेला असे म्हणणे अन्यायाचे होईल. आखणीच्या दृष्टीने तो आदर्श आहे, कारण साखळी कोठे तुटली हे त्याने नेमके दाखवले. प्रशिक्षण झाले, वागणे बदलले, आणि वागण्यापासून जीव वाचण्यापर्यंतचा बाण पुरेसा जाड नव्हता. यादीने आठवण होते. गुंतागुंतीच्या बाळंतपणातले कौशल्य, रक्ताची सोय, वेळेवर मोठ्या रुग्णालयात पोचवणे, या गोष्टी यादीतून येत नाहीत. मधल्या टप्प्यांची मोजणीच झाली नसती, तर 'परिचारिका ऐकत नाहीत' असे एक सोपे आणि खोटे उत्तर तयार होते. कार्यक्रम फसला की दोन शक्यता तपासाव्या लागतात: काम ठरल्याप्रमाणे झाले नाही, किंवा काम झाले पण त्यामागचा तर्कच लंगडा होता. पहिल्याचा उपाय अधिक देखरेख हा आहे. दुसऱ्यावर देखरेख वाढवली तर चुकीचेच काम अधिक शिस्तीने होत राहते.

पोलिओच्या लढाईत असाच एक तुटका बाण वेळीच ओळखला गेला. पश्चिम उत्तर प्रदेश आणि बिहारच्या काही भागांत मुलांना पुन्हा पुन्हा डोस पाजूनही पोलिओ होत होता. डोस पोचत होते, मात्र दाट वस्ती, अस्वच्छ पाणी आणि वारंवारच्या अतिसारामुळे ते तेथे पुरेसे काम करत नव्हते. 'डोस दिला म्हणजे संरक्षण मिळाले' हे गृहीतक त्या प्रदेशात खरे नव्हते. 2005 पासून एकाच प्रकारच्या विषाणूवर अधिक प्रभावी असलेली लस आणि 2010 मध्ये दोन प्रकारांवरची लस वापरात आली. 13 जानेवारी 2011 रोजी पश्चिम बंगालमधल्या हावड्यात देशातला नैसर्गिक पोलिओ विषाणूचा अखेरचा रुग्ण आढळला, आणि 27 मार्च 2014 रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचे प्रमाणपत्र मिळाले.

म्हणून चांगल्या आराखड्यात प्रत्येक बाणाखाली त्याचे गृहीतक लिहितात, आणि ते खरे आहे की नाही हे कशावरून कळेल तेही लिहितात. 'आशा घरी गेली की तिला बाळ पाहू देतील' हे गृहीतक आहे. पहिले बाळंतपण माहेरी होते, त्यामुळे बाळ त्या गावच्या यादीतच नसते, ही महाराष्ट्रातली रोजची गोष्ट आहे. पावसाळ्यात टोल्यापर्यंतची वाट बंद होते, हीही. ही माहिती कार्यालयात नसते, ती आशांकडे आणि गटप्रवर्तकांकडे असते. आराखडा रचण्याच्या बैठकीत त्यांना बसवणे हा शिष्टाचाराचा भाग नाही, त्यांच्याविना बाण तपासताच येत नाहीत.

लक्ष्याचे ओझे

आकडा ठरवण्यात एक धोका आहे, आणि भारताने त्याची जबर किंमत मोजली आहे. आणीबाणीच्या काळात कुटुंबनियोजन शस्त्रक्रियांची लक्ष्ये राज्यांना, राज्यांकडून जिल्ह्यांना आणि तेथून शिक्षक-तलाठ्यांपर्यंत वाटली गेली. 1976-77 या एका वर्षात देशात 80 लाखांहून अधिक शस्त्रक्रिया झाल्या. त्यांतल्या अनेक जबरदस्तीच्या होत्या. झालेल्या कामाचे लक्ष्य गाठले गेले. ज्या ध्येयासाठी ते होते ते कुटुंबांचे आरोग्य आणि जोडप्यांची निवड पायाखाली तुडवली गेली, आणि कार्यक्रमावरचा लोकांचा विश्वास पुढे कित्येक वर्षे परत आला नाही. एप्रिल 1996 पासून कुटुंबनियोजनात पद्धतनिहाय लक्ष्ये वरून लादणे अधिकृतपणे बंद करण्यात आले.

तर्कआराखड्यातली तिसरी चौकट एकटी सुटी काढून तिच्यावर बक्षीस आणि शिक्षा बांधली की हे होते. आकडा जितका वरून येतो आणि त्याच्याशी जितकी मोठी शिक्षा जोडलेली असते, तितकी नोंदवही खोटी होत जाते. यावर उतारा म्हणजे निर्देशकांच्या जोड्या: भेटींच्या संख्येसोबत भेटीत काय झाले याची अचानक तपासणी, मृत्यूंच्या नोंदीसोबत जन्मांची नोंद. एखाद्या गावात वर्षभरात एकही बाळ दगावले नाही अशी नोंद आली, तर आधी त्या गावातल्या जन्मांची मोजणी करावी. जन्मच कमी नोंदले असतील, तर न नोंदलेल्या बाळांतच मृत्यूही असतात.

साखळी दुसरीकडे नेताना

एका ठिकाणी सिद्ध झालेला आराखडा जेव्हा सबंध देशात जातो, तेव्हा तो पुन्हा काढावा लागतो. गडचिरोलीची घरपोच नवजात सेवा 2011 मध्ये राष्ट्रीय पातळीवर आशांच्या कामात आली. रुग्णालयात जन्मलेल्या बाळाला 3, 7, 14, 21, 28 आणि 42 व्या दिवशी अशा सहा भेटी. घरी जन्मले असेल तर पहिल्या दिवसाची आणखी एक. वर मांडलेल्या तालुक्याचा हिशेब केला, तर एका आशाच्या वाट्याला वर्षाला साधारण 96 भेटी येतात, म्हणजे आठवड्याला दोन. या कामासाठी तिला एका बाळामागे 250 रुपये ठरले, आणि ते वजनाची नोंद, जन्मनोंदणी, सुरुवातीचे लसीकरण आणि 42 व्या दिवशी आई-बाळ सुखरूप असणे यांना बांधलेले होते. यातली शेवटची अट खटकणारी आहे. ज्या घरात बाळ दगावले तेथे आशाने सर्वांत जास्त फेऱ्या मारलेल्या असू शकतात.

पण आराखड्याच्या दृष्टीने सर्वांत मोठा फरक वेगळाच होता. गडचिरोलीत मृत्यू घटण्यात जंतुसंसर्गावरच्या घरातल्या उपचाराचा मोठा वाटा होता. राष्ट्रीय कार्यक्रमात आशाच्या हाती इंजेक्शन दिले गेले नाही. तिने लक्षणे ओळखायची आणि बाळाला रुग्णालयात पाठवायचे. 'उपचार' या चौकटीच्या जागी 'संदर्भसेवा' ही चौकट आली, आणि तिच्यासोबत नवी गृहीतके आली: पालक तयार होतील, गाडी मिळेल, तेथे डॉक्टर असेल, बाळ वाटेत तग धरेल. दुर्गम भागात ही चारही एकाच रात्री खरी ठरणे कठीण. 2014 मध्ये केंद्र सरकारने उपकेंद्राच्या आरोग्य सेविकेला, म्हणजे एएनएमला, बाळाला रुग्णालयात नेणे शक्य नसेल तेव्हा, जेंटामायसिनचे इंजेक्शन देण्याची मुभा दिली. तुटलेल्या जागी एक दुवा असा परत जोडला गेला, पण तो गावातल्या आरोग्यदूताऐवजी काही गावे सांभाळणाऱ्या एएनएमच्या हाती. तिच्यापर्यंत निरोप पोचायला आणि तिला त्या घरापर्यंत पोचायला किती तास लागतात, हा आता या साखळीतला मोजण्याचा आकडा आहे. तो कोणत्याही मासिक अहवालात आपोआप येत नाही. त्यासाठी नोंदवहीत दोन रकाने वाढवावे लागतात: आशाने लक्षण पाहिले ती वेळ, आणि पहिले इंजेक्शन दिले ती वेळ.